उधारीचे पोते सव्वा हात रिते



गावोगावच्या किराणा दुकानांत एक पाटी हमखास दिसते : ‘आज रोख, उद्या उधार’. गिऱ्हाईक ती वाचून हसते, दुकानदारही हसतो; आणि त्या पाटीच्या बरोबर खाली, गल्ल्याशेजारी, उधारीची लांबट वही उघडी पडलेली असते. पाटी सांगते एक आणि वही सांगते दुसरेच. आपल्या जुन्या माणसांनी ह्या वहीची पारख फार पूर्वीच करून ठेवली आहे. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. उधारीवर आणलेले पोते कधी तोंडापर्यंत भरलेले नसते. मापात थोडे कमी, भावात थोडे जास्त, मालात थोडे हलके, असे ते तिन्ही बाजूंनी रिते असते. आणि ते रिते आहे हे डोळ्यांना दिसत असूनही बोलायची सोय नसते. ज्याचे देणे लागतो त्याच्या तराजूवर बोट कसे ठेवायचे?

आजचा आपला विषय घरच्या वाणसामानातली बचत हा आहे. आता डाळ कोणती घ्यावी, तेल किती वापरावे, पसाभर तांदळात चार माणसे कशी जेवू घालावीत, हे आपल्या घरोघरच्या बायकांना इतिहासाच्या प्राध्यापकापेक्षा शंभर पटींनी अधिक कळते. त्या बाबतीत मी चार शब्द सांगू जाणे म्हणजे आजीबाईला चूल पेटवायला शिकवण्यासारखे होईल. मी सांगणार आहे ती इतिहासातली एक गोष्ट, आणि तिच्यामागे एक साधा प्रश्न आहे. तेच मीठ, तेच पीठ, तीच साखर गरिबाला श्रीमंतापेक्षा महाग का पडते? आणि ती तशी पडू नये म्हणून कुणी कधी काही केले आहे का?

तुम्ही म्हणाल, दुकानात भाव तर सगळ्यांना एकच असतो! पण आता बघा. ज्याच्या हाती चार पैसे आहेत तो सुगी झाली की चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी करतो. गहू, ज्वारी, तूर वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरून ठेवतो. त्या वेळी भाव उतरलेले असतात. हातावर पोट असलेल्या माणसाला ही बेगमी कुठली? तो श्रावणात धान्य घेतो, भाव चढल्यावर घेतो, आणि तेही रोजच्या रोज, पुडीपुडीने. पावशेर तेल आणि चहाची पुडी ह्यांत दर पुडीमागे थोडा थोडा पैसा जास्तच जातो. मजुरी आठवड्याने मिळायची असली तर तोवर उधारी. उधारी म्हटली की दुकान बदलता येत नाही, भाव विचारता येत नाही, माल परत करता येत नाही. म्हणजे झाले काय, ज्याच्यापाशी पैसा कमी तोच पैसा जास्त देतो. ही गोष्ट आपल्याच गावची आहे असे नाही. ज्या देशाने जगावर राज्य केले त्या इंग्लंडमध्येही ती अशीच होती.

इंग्लंडच्या उत्तरेला मँचेस्टरच्या जवळ रॉचडेल नावाचे गाव आहे. फ्लॅनेल नावाचे लोकरी कापड विणण्यासाठी ते प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकात तेथे वाफेची यंत्रे आली, गिरण्या उभ्या राहिल्या, मालकांची घरे भरली. पण विणकराच्या घरात दारिद्र्य आले. मजुरी कमी, काम बेभरवशाचे. १८४३ च्या अखेरीस धंद्याला जरा बरे दिवस आलेले पाहून विणकरांनी मजुरी वाढवून मागितली. पण त्यांच्या लढ्याला यश आले नाही. मिळकत वाढवण्याचा रस्ता बंद झाला. मग काही कामगारांनी विचार केला की, आपल्या हाती येणारा पैसा वाढत नसेल तर जाणारा पैसा तरी कोठून गळतो ते पाहावे.

तो गळत होता तीन भोकांतून.

पहिले भोक उधारीचे. इंग्लंडच्या अनेक कारखानी गावांत मजुरीचे पैसे हाती न देता मालकाच्याच दुकानातला माल किंवा चिठ्ठी देण्याची चाल होती. १८३१ च्या कायद्याने ती बंद करण्याचा प्रयत्न झाला. पण चिठ्ठी गेली तरी वही राहिली. कामगार आठवडाभर दुकानदाराकडून उधार खाई आणि मजुरी मिळाली की ती त्याच्या पदरात टाकून नवी उधारी सुरू करी.

दुसरे भोक मापाचे. खोटी वजने आणि तराजूतली हातचलाखी ह्यांविषयी काही वेगळे सांगायला नको. हे शास्त्र सर्व देशांत सारखेच प्रगत आहे.

तिसरे भोक भेसळीचे, आणि ते सर्वांत वाईट. फ्रेडरिक अॅकम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली भेसळीवर एक पुस्तक लिहून इंग्लंडला हादरा दिला होता. पाव पांढरा दिसावा म्हणून त्यात तुरटी घालत. एकदा उकळलेली चहाची पत्ती वाळवून, रंगवून पुन्हा विकत. पुढे १८५० नंतर आर्थर हिल हॅसल ह्या डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली धान्य, कॉफी, मसाले तपासून विक्रेत्यांची नावेच प्रसिद्ध केली. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावी तर भयंकर प्रकार घडला. मिठाईत साखरेऐवजी स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याची तेथे चाल होती. त्या भुकटीच्या जागी चुकून सोमल आला, आणि ती मिठाई खाऊन वीसेक माणसे, त्यांत लहान मुलेही, दगावली. दोनशेच्या आसपास आजारी पडली. भेसळीविरुद्धचा इंग्लंडमधला पहिला सर्वसाधारण कायदा १८६० साली झाला तो ह्यानंतर, आणि नीट दात असलेला कायदा व्हायला १८७५ साल उजाडले.

ही सारी भोके आपल्या कामगारांनाही दिसत होती. त्यांवर उपाय म्हणून स्वतःचे दुकान काढावे, ही कल्पनाही नवी नव्हती. रॉचडेलमध्येच १८३३ साली काही विणकरांनी असे दुकान काढले होते. दोन वर्षांत ते बुडाले. का बुडाले? तर उधारीने. आपलीच माणसे, आपलेच दुकान, नाही कसे म्हणायचे, असे करत करत माल वहीत गेला आणि दुकानाला कुलूप लागले. ह्या पहिल्या प्रयत्नात हात पोळलेले काही जण दुसऱ्या प्रयत्नात होते. चार्ल्स हॉवर्थ हा त्यांतलाच. पडलेल्या माणसाला खड्डा कुठे आहे हे तरी ठाऊक असते. त्या शहाणपणावर पुढचे सारे उभे राहिले.

ह्या दुसऱ्या प्रयत्नात अठ्ठावीस माणसे होती असे परंपरेने सांगतात. त्यांत विणकर होते, लोकर निवडणारे होते, शिंपी होता, लाकडी तळाचे जोडे करणाराही होता. प्रत्येकाने एक पौंड भाग घ्यायचा ठरला. एक पौंड म्हणजे २४० पेन्स. आठवड्याला दोन पेन्स वर्गणी सुरू झाली. हिशेब करून पाहा. त्या चालीने एक पौंड पुरा व्हायला १२० आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लागला असता. म्हणून पुढे पोटाला चिमटा घेऊन वर्गणी तीन पेन्स केली. असे अठ्ठावीस पौंड उभे राहिले. टोड लेन ह्या गल्लीत एका जुन्या गोदामाचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला. भाडे आणि फळ्या-काउंटर ह्यांचा खर्च वजा जाता मालासाठी साडेसोळा पौंडांच्या आसपास उरले.

२१ डिसेंबर १८४४ ह्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी दुकान उघडले. वर्षातली सर्वांत मोठी रात्र ती! दुकानात माल किती? तर तीनशे किलोच्या आसपास गव्हाचे पीठ, पंचवीस किलो साखर, तेराएक किलो लोणी, ओट नावाच्या धान्याच्या भरड्याचे एक पोते आणि थोड्या मेणबत्त्या. एवढ्याशा मालाचे दुकान पाहायला गल्लीत पोरे जमली आणि त्यांनी यथेच्छ टवाळी केली. गावचे व्यापारीही हसले. सुरुवातीला दुकान सोमवारी आणि शनिवारी संध्याकाळीच उघडत असे, कारण विकणारे आणि घेणारे दोघेही दिवसा कामावर असत.

आता ह्या दुकानात असे काय होते की त्याची गोष्ट पावणेदोनशे वर्षांनंतर आपण मराठीत सांगावी? विशेष होते ते त्यांच्या नियमांत.

पहिला नियम असा की, उधारी नाही. सभासदालाही नाही, चालकालाही नाही. जो पैसे देईल त्यालाच माल. हा नियम गरिबाला कठोर वाटतो, आणि तो कठोर होताच. ज्यांच्या अंगावर दुसऱ्या दुकानदाराचे जुने देणे होते त्यांना ते फेडल्याशिवाय इकडे येताच येईना. पण दहा वर्षांपूर्वीचे बुडालेले दुकान त्यांच्या डोळ्यांपुढे होते. उधारी देणाऱ्या दुकानात बुडव्या गिऱ्हाइकाचे पैसे शेवटी कोण भरतो? दुकानदार ते भावात चढवतो, म्हणजे वेळेवर पैसे देणारा प्रामाणिक माणूसच ते भरतो. रोखीच्या दुकानात हा बोजा नाही. शिवाय रोख देणाऱ्याला घाऊक बाजारात मालही सवलतीने मिळतो.

दुसरा नियम शुद्ध माल आणि पुरे माप. ह्यातही त्यांची परीक्षा झाली. पुढे १८५० साली रॉचडेलकरांनी स्वतःची सहकारी पिठाची गिरणी काढली. तिचे निर्भेळ पीठ थोडे काळपट दिसे. तुरटीच्या पांढऱ्याशुभ्र पिठाला डोळे सरावलेल्या लोकांना ते पसंत पडेना. चांगला माल देऊनही गिऱ्हाईक नाराज! पण त्यांनी पीठ पांढरे केले नाही. माणसांना खरे पीठ ओळखायला शिकवले.

तिसरा नियम सर्वांत नामी. तो नीट ध्यानात घ्यावा अशी माझी विनंती आहे. हे दुकान माल स्वस्त विकत नसे. गावात जो भाव, तोच भाव! ऐकून नवल वाटेल. मग फायदा काय? फायदा असा की, तीन महिन्यांनी हिशेब होई. खर्च आणि भांडवलावरचे माफक व्याज वजा जाता जो वाढावा उरे, तो सभासदांना ज्याने त्याने केलेल्या खरेदीच्या प्रमाणात परत मिळे. भाग किती आहेत ह्याला महत्त्व नाही. सामान किती घेतले ह्याला महत्त्व. ज्या घरात तोंडे जास्त, त्या घराची खरेदी जास्त, आणि म्हणून परतावाही जास्त. लेकुरवाळ्या गरिबाला असा हिशेब कोणत्या सावकाराने कधी दाखवला होता?

भाव स्वस्त का केला नाही, ह्याचेही उत्तर त्यांच्यापाशी होते. समजा, किलोमागे दोन रुपये स्वस्त मिळाले, तर ते दोन रुपये वाटेतच खर्चून जातात. कोठे गेले हे कळतही नाही. पण तेच तीन महिने साठून एकदम हाती आले तर त्यांचे काही तरी होते. पोराचे बूट होतात, भाडे भागते, किंवा ते संस्थेतच ठेव म्हणून राहतात. आपल्या हिशेबात सांगायचे तर, एखादे घर महिन्याला तीन हजारांचे वाणसामान घेते आणि शेकडा पाच परत मिळतात असे धरू. महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे रुपये. तेही पोट न मारता, रोजचे जेवण जेवूनच! बचत म्हणजे खाण्यात काटकसर, हीच आपली समजूत असते. रॉचडेलच्या मंडळींनी दाखवले की बचत खरेदीच्या रीतीत असते. आजच्या बोलण्यातले सार काढायचे तर ते एवढेच आहे.

आणखी दोन नियम सांगतो. एक माणूस, एक मत. भाग एक असो की वीस, मत एकच. आणि स्त्रियांनाही सभासद होता येई. त्या काळी इंग्लंडमध्ये विवाहित बाईने स्वतः कमावलेल्या मजुरीवरसुद्धा कायद्याने नवऱ्याचा हक्क होता. तो कायदा १८७० साली बदलला. त्याआधी कितीतरी वर्षे टोड लेनच्या दुकानात बाईच्या नावाचे खाते असे. बाजारहाट करणारी तीच, मग हिशेबही तिच्याच नावाचा असावा, हे साधे तत्त्व त्या कामगारांना कायदा करणाऱ्यांच्या आधी कळले होते.

शिक्षक मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ह्या संस्थेने पुढे वाढाव्यातले शेकडा अडीच शिक्षणासाठी वेगळे काढले. दुकानाच्याच इमारतीत वाचनालय आले, वर्तमानपत्रे आली. खाली पीठ आणि साखर, वर पुस्तके! ज्या माणसाला आपला हिशेब वाचता येत नाही त्याला कोणतीही संस्था वाचवू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मग ह्या साडेसोळा पौंडांच्या मालाचे काय झाले? पहिल्या पुऱ्या वर्षात, म्हणजे १८४५ च्या अखेरीस, सभासद अठ्ठाविसांचे ७४ झाले आणि विक्री ७१० पौंडांची झाली. वाढावा अवघा २२ पौंड. १८५० साली सभासद ६०० झाले. १८६० साली सभासद ३,४५० आणि वर्षाची विक्री दीड लाख पौंडांवर गेली. वाढावा १५,९०६ पौंड. जॉर्ज होलिओक ह्या लेखकाने ह्या दुकानाचा इतिहास लिहिला, तो इतर देशांतही वाचला गेला, आणि गावोगाव अशी दुकाने निघाली. १८६३ साली अशा दुकानांनी एकत्र येऊन मँचेस्टर येथे घाऊक खरेदीची संस्था स्थापली. टोड लेनवरच्या त्या जुन्या जागेत आज संग्रहालय आहे.

इतक्यात एक मोठे संकट आले, आणि ह्याच ठिकाणी ही विलायती गोष्ट आपल्या मातीला येऊन मिळते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. गिरण्या थंडावल्या, लाखो कामगारांची उपासमार झाली. रॉचडेलचे सभासद आपल्या ठेवी काढून त्या काळात जगले. दुकान मात्र टिकून राहिले. ज्यांनी वाण्याच्या वहीतून आधीच नाव काढून घेतले होते त्यांच्या गाठीला चार पैसे होते, एवढाच त्यातला अर्थ.

त्याच वेळी आपल्याकडे काय चालले होते? अमेरिकेचा कापूस बंद झाल्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या तेजीत शेतकऱ्याची पत वाढली आणि सावकारांनीही हात सैल सोडला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. पुढे दख्खनच्या अनेक भागांत सारा वाढवला गेला. तेजीत सहज मिळालेले कर्ज मंदीत गळ्याशी आले. आपल्याकडचा गावचा सावकार पुष्कळदा गावचा दुकानदारही असे. बी त्याच्याकडून, मीठ-मिरची त्याच्याकडून, लग्नाचे लुगडेही त्याच्याकडून. धान्य सवाईने किंवा दिढीने परत करायचे. आणि हे सगळे ज्या वहीत लिहिलेले, ती वही कुळाला वाचता येत नसे. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे, बाजाराच्या गावी, लोक उठले. पाहता पाहता पुणे-नगरच्या कितीतरी गावांत तेच घडले. लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. त्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला.

दोन्ही ठिकाणी दुखणे एकच होते, उधारीची वही. एकीकडे माणसांनी त्या वहीतून आपले नाव हळूहळू, तीन-तीन पेन्सांनी काढून घेतले. दुसरीकडे वही जाळली गेली. आमच्या लोकांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. रॉचडेलच्या कामगाराला आठवड्याला का होईना रोख मजुरी मिळत होती. दख्खनच्या कुणब्याला पावसावर जगायचे होते. पण जाळलेल्या वहीच्या जागी दुसरी वही येते, कारण मीठ-मिरची उद्याही लागतेच. तिच्या जागी काहीतरी उभे करावे लागते.

आपल्याकडे ते उभे करण्याचे प्रयत्न झाले, आणि मोठे झाले. १९०४ साली हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा झाला. तो पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने दुसऱ्या प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. १९०४ सालीच मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात ग्राहकांचे सहकारी भांडार निघाले. आपल्या देशातल्या जुन्या भांडारांत त्याचे नाव मानाने घेतात. दुसऱ्या महायुद्धात रेशन आले, काळाबाजार आला, आणि गावोगाव सहकारी भांडारांचे पेव फुटले. नियंत्रणे उठताच त्यांतली बहुतेक मिटली. रॉकेल-साखरेच्या टंचाईसाठी जमलेली माणसे टंचाई संपताच पांगली. रीत म्हणून कोणी ती धरली नव्हती. पुढेही कित्येक भांडारे बुडाली ती परक्यांमुळे नव्हे. कोठे संचालकांच्या सोयऱ्यांची उधारी, कोठे मालात तूट, कोठे वर्षानुवर्षे हिशेबतपासणी नाही. रॉचडेलचा १८३३ चा धडा आपण आपल्या खर्चाने पुन्हा गिरवला म्हणायचे.

पण टिकलेलेही आहे. मुंबईच्या नायगाव भागात कामगारांनी १९४८ साली सुरू केलेले भांडार पुढे ‘अपना बाजार’ ह्या नावाने घरोघरी माहीत झाले. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने ‘वारणा बाजार’ उभा राहिला आणि शहरातले मोठे दुकान खेड्यातही चालू शकते हे दिसले. आणि १९७५ साली, म्हणजे सुप्याच्या उठावानंतर बरोबर शंभर वर्षांनी, बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन केली. त्यांनी तर दुकानच काढले नाही! शेजारपाजारच्या घरांचा एक गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, सगळ्यांचा माल घाऊक बाजारातून एकदम घ्यायचा, तो एका घरी उतरवायचा आणि गटातल्या बायकांनी-माणसांनी मिळून वाटून घ्यायचा. गाळ्याचे भाडे नाही, नोकर नाही, गल्ला नाही.

सरकारनेही आपले काम केले. पूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नसे; १९५६ च्या कायद्याने देशभर एकच मेट्रिक वजन-माप आले. भेसळीविरुद्ध १९५४ चा कायदा होता, त्याची जागा आता २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली आहे. ग्राहकाला दाद मागण्यासाठी १९८६ साली कायदा झाला, तो २०१९ साली नव्याने केला गेला. मापाचे आणि भेसळीचे भोक बुजवायला कायदा पुष्कळ मदत करतो. पण पहिले भोक, उधारीचे, कोणताही कायदा बुजवू शकत नाही. कारण ते आपल्याच हाताने पडते. आजकाल ते नव्या रूपाने आले आहे. ‘आता घ्या, पैसे मागाहून द्या’ असे मोबाइलच्या पडद्यावर येते. लांबट वही गेली, पण तिच्यातली ओळ तशीच आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गावचा दुकानदार म्हणजे काही शत्रू नव्हे. रात्री-अपरात्री दार ठोठावले तर तोच उठतो. घरात आजारपण आले, पीक गेले, तर दोन महिने तोच सांभाळून घेतो. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे देणे असते, आणि बुडालेली उधारी त्याच्याही संसाराला लागते. रोखीने घेणारे गिऱ्हाईक त्यालाही हवेच असते. त्याला दोन रुपये भाव कमी करायला तो बहुधा तयार असतो. तेव्हा हा झगडा माणसाशी नाही, रीतीशी आहे.

मग करायचे काय? गावात उद्याच भांडार काढा असे मी सुचवत नाही. लहानशी सुरुवात पुरे. पहिले म्हणजे, उधारीचे खाते एकदम बंद होत नसेल तर त्याला वरची मर्यादा घालावी आणि प्रत्येक हाटाला थोडे थोडे फेडून ते उतरवत न्यावे. जुने देणे फिटेपर्यंत नवी ओळ शक्य तितकी टाळावी. दुसरे, घरात एक वही ठेवावी. काय घेतले, किती वजनाचे, काय भावाने, हे शाळेत जाणाऱ्या मुलीने किंवा मुलाने लिहावे. दुकानदाराच्या वहीला आपली वही हे उत्तम औषध आहे. दोन वह्या समोरासमोर ठेवल्या की भांडण होत नाही, हिशेब होतो. तिसरे, आज गावोगावी बायकांचे बचत गट आहेत. त्यांतल्या दहा-बारा घरांनी सुगीच्या दिवसांत तूर, गहू, गूळ एकत्र घेऊन पाहावा. एकट्याला जी बेगमी परवडत नाही ती दहांना परवडते. भावातला जो फरक राहील तो लगेच वाटून न घेता सहा महिने गटातच ठेवावा. दिवाळीच्या तोंडावर तो किती झाला हे पाहावे.

शिक्षकांना सांगणे एवढेच की, सरासरी, शेकडेवारी, नफा-तोटा शिकवताना पुस्तकातल्या आंब्यांऐवजी घरच्या वाणसामानाची यादी फळ्यावर घ्यावी. चहाच्या पुड्या तीस दिवस घेतल्या तर किती, आणि महिन्याची पत्ती एकदम घेतली तर किती, हे मुलांनी स्वतः विचारून आणावे. वह्या-पेन्सिलींचे लहानसे सहकारी भांडार शाळेत मुलांकडून चालवून घेता येते. त्यात दोन नियम मात्र पक्के असावेत : उधारी नाही, आणि दर महिन्याला हिशेब सर्वांसमोर. हेडमास्तरांनाही उधारी नाही!

रॉचडेलच्या त्या अठ्ठावीस माणसांची मजुरी त्या वर्षी वाढली नव्हती. गिरण्यांचे मालक बदलले नव्हते, राजाने कायदाही केला नव्हता. आठवड्याला तीन पेन्स, एक भाड्याचा गाळा आणि ‘उधारी नाही’ हा एक शब्द, एवढ्यावर त्यांनी आपले पोते तोंडापर्यंत भरून घेतले. आपल्या म्हणीतले ते सव्वा हात आपल्याकडेही भरून निघू शकतात. सुरुवात पुढच्या बाजाराच्या दिवशी, एका वहीने आणि दहा घरांनी करता येईल.